उपनगरातला खैर

मुंबईच्या उपनगरांत खैराशी रोजचा संबंध येणारी माणसे हजारोंनी आहेत. खैराचे झाड ओळखणारी फार थोडी. अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या पानपट्टीवरचा कात, औषधाच्या दुकानातली खदिरारिष्टाची बाटली, नवग्रहशांतीच्या साहित्यात मंगळाच्या वाट्याची म्हणून येणारी समिधांची जुडी, ही सगळी या एका झाडाची. शिवाय हे झाड काही दूरदेशीचे नाही. बोरिवली आणि मुलुंड या दोन स्टेशनांच्या मधे जे जंगल उभे आहे, त्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर ते वाढते आहे. त्याच्याशी पहिली ओळख करून द्यावी आणि पुढचा अभ्यास कुठल्या वाटेने करावा हे सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

खैराकडे वळा, असे वाचकांना नुसते सांगून भागत नाही, याची मला कल्पना आहे. पळस फाल्गुनात पेटतो, बहावा वैशाखात पिवळा लोंबतो, सावरीखाली फुलांचा सडा पडतो. ज्याला झाडांची फारशी ओढ नाही तोही त्यांच्यापाशी थबकतो. खैर असे काही करत नाही. त्याची फुले पावसाळ्यात येतात, तेव्हा रानात जाणारे कमी आणि मान वर करून पाहणारे त्याहून कमी. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो निष्पर्ण, करडा आणि काटेरी उभा असतो. पण याच झाडाच्या लाकडावर कोकणातल्या एका आदिवासी जमातीचा संसार चालत होता, त्याच्या अर्काचे लंडनमध्ये पृथक्करण झाले होते, आणि आजही तो चोरून तोडला जातो इतके त्याचे मोल आहे. वनस्पतिशास्त्र, रसायन, आयुर्वेद, कायदा, आदिवासींचा इतिहास, यांपैकी ज्याची तुम्हाला आवड असेल त्या बाजूने या, खैर भेटेलच.

आधी जागा समजून घेऊ. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा काढला गेला. त्याआधी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीची गावे होती. म्हणून या भागातल्या रानाची जुनी माहिती वाचकांनी मुंबईच्या नावाखाली शोधत बसू नये. १८८२ साली छापलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर काढावे. इथले जंगल टिकले ते बऱ्याच अंशी पाण्यामुळे. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला, आणि शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या या तलावांचे पाणलोट राखायचे म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे राहिले. त्याच रानाचे पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणी खैरासारखे कोरड्या मुलखातले झाड कसे, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडेल. तो पाऊस चार महिन्यांत पडून जातो. बेसॉल्टच्या चढावर माती पातळ, पाणी ठरत नाही, आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. खैराला नेमके हेच मानवते. जिथे पाणी साचते तिथे तो दिसायचा नाही.

झाड पाहायला जाल तेव्हा खोडापासून सुरुवात करा. खैर फार उंच होत नाही. नऊ ते बारा मीटर, क्वचित थोडा जास्त. साल गडद करडी-तपकिरी, खडबडीत, आणि अरुंद लांबट पट्ट्यांनी सुटत जाणारी. फांदीवर पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते. काटे आखूड, तळाशी रुंद आणि टोकाला मागे वळलेले. बाभळीचा काटा सरळ आणि पांढरा असतो, अंगात रुततो. खैराचा आकडा कपड्याला धरतो आणि सोडत नाही. पान दुहेरी पिसासारखे विभागलेले, दलांच्या कितीतरी जोड्या आणि प्रत्येक दलावर बारीक पर्णिकांच्या रांगा. पानगळीनंतर नवी पालवी पावसाच्या आधी येते आणि पावसाळ्यात फिकट पिवळे, बोटभर लांबीचे तुरे. शंका उरली तर या तुऱ्यांवरून ती फिटते, कारण बाभळीची फुले गोल गोंड्यांत येतात, खैराची लांबट तुऱ्यांत. हिवाळ्यात चपट्या, पातळ, तपकिरी शेंगा लटकतात. बाभळीच्या शेंगेला माळेतल्या मण्यांसारख्या गाठी असतात, खैराची शेंग सरळ पट्टी. चार ऋतूंत चार वेळा एकच झाड पाहिले तर ते पक्के ओळखीचे होते. एका फेरीत शंभर झाडांची नावे लिहून आणण्यापेक्षा ही रीत मला अधिक भरवशाची वाटते.

गोतावळ्याचे थोडे सांगायला हवे, कारण नवख्या वाचकाचा गोंधळ इथेच होतो. बाभूळ, हिवर, देवबाभूळ, शिकेकाई आणि खैर ही सारी पूर्वी वनस्पतिशास्त्रात 'अकेशिया' या एकाच प्रजातीत होती. ऑस्ट्रेलियातल्या ज्या झाडांना तिथे वॉटल म्हणतात, तीही त्यातच. प्रजाती फार मोठी झाली, ती फोडायची ठरली, तेव्हा मूळ नाव कोणी ठेवायचे यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत बराच वाद झाला. २००५ साली व्हिएन्नाच्या आणि २०११ साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाकडे गेले. आपली बाभूळ आता 'व्हॅचेलिया' आणि खैर 'सेनेगालिया कॅटेचू'. दख्खनच्या बाजूच्या खैराला काही अभ्यासक 'सेनेगालिया चुंद्रा' म्हणून वेगळे मानतात. जुन्या पुस्तकांत हे सगळे 'अकेशिया' म्हणूनच सापडेल. वाचकांनी दोन्ही नावे वहीत शेजारी लिहावीत आणि पुढे जावे. या वादात खैराचा एक काटाही इकडचा तिकडे झालेला नाही.

त्या ऑस्ट्रेलियन भाऊबंदांपैकी एकाला तुम्ही रोज पाहता. कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी, जाड, हिरवी पाने, पिवळे तुरे आणि कानाच्या पाळीसारख्या मुडपलेल्या शेंगा असलेले झाड उपनगरातल्या रस्त्यांच्या कडेला आणि कोकणच्या माळांवर सामाजिक वनीकरणाच्या काळात सर्रास लावले गेले. लोक त्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात किंवा नुसते अकेशिया. त्याची ती पाने खरी पाने नव्हेत, चपटे झालेले देठ आहेत. रोप अगदी कोवळे असताना त्याला खैरासारखीच बारीक पिसांची पाने येतात आणि मग जातात. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, वाढ झपाट्याची, नापीक जमिनीतही तग धरते, त्यामुळे ते का लावले हे समजते. मात्र त्याच्याखाली कुजायला वेळ घेणाऱ्या पाचोळ्याचा थर साचतो आणि दुसरे काही उगवणे कठीण होते. त्या झाडांवर जेवढा खर्च झाला त्याचा लहानसा वाटा खैराला मिळाला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते.

आता काताकडे येऊ. खैराचे खोड आडवे कापले की बाहेर पिवळट पांढरे लाकूड आणि आत तांबडा गाभा दिसतो. कात त्या गाभ्यात असतो. जुन्या पद्धतीत पावसाळा संपला की रानातच मुक्काम पडे. झाड पाडून बाहेरचे लाकूड तासून टाकायचे, गाभ्याचे ढलपे काढायचे, ते मडक्यांत पाणी घालून चुलाणावर उकळायचे, काढा गाळून पुन्हा आटवायचा आणि घट्ट झाला की निवू द्यायचा. हिवाळाच का निवडायचा, याचे उत्तर रसायनात आहे. गाभ्यातले कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळते, थंड पाण्यात फारसे नाही. म्हणून काढा जितका थंड होईल तितके त्याचे बारीक स्फटिक खाली बसतात. ते दाबून, वाळवून, तुकडे केले की पानाचा कात झाला. वर राहिलेल्या द्रवात टॅनिन असते. तो आटवून जो काळपट गोळा मिळतो तो कातडी कमावायला, कापड तपकिरी रंगवायला आणि सुती जाळी, शिडे कुजू नयेत म्हणून वापरत. आजचे कारखाने हाच थंडावा यंत्राने आणतात. चिपळूणच्या परिसरात असे कारखाने आहेत.

पानात कात पांढऱ्या चुन्याला भेटला की तोंड लाल होते, हे सर्वांना ठाऊक आहे. चुन्याच्या क्षारात कॅटेचिनचे ऑक्सिडीकरण होऊन तो रंग येतो. सतराव्या शतकात युरोपात पोचलेला कात तिथल्या वैद्यांना खनिज वाटला. त्यांनी त्याला 'जपानी माती' असे नाव दिले. तो जपानचाही नव्हता आणि मातीही नव्हती. पुढे १८०३ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कातडी कमावण्याच्या पदार्थांवर निबंध मांडला. त्यात त्याने मुंबईहून आलेला आणि बंगालहून आलेला असे दोन कात तपासले. २०० भागांत मुंबईच्या कातात टॅनिन १०९ भाग भरले, बंगालच्या कातात ९७. ही आकडेवारी वाचताना मला आपल्या बाजूचा थोडा अभिमान वाटतो, हे लपवत नाही.

तो कात काढणारे हात मात्र त्या निबंधात नाहीत. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातले कातकरी, जुन्या कागदांतले कातोडी, यांच्या जमातीचे नावच या धंद्यावरून पडले. हंगामाच्या आरंभी एक खैर निवडून त्याला तांबडे लावायचे, नारळ वाहायचा, धूप दाखवायचा, काम नीट पार पडू दे असे मागणे मागायचे आणि मगच कुऱ्हाड चालवायची, ही त्यांची रीत जुन्या लिखाणात नोंदलेली आहे. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले आखली गेली, खैर सरकारजमा झाला आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त जाण होती त्यांचाच रानात शिरण्याचा हक्क आक्रसला. कातकरी कोळशाच्या भट्ट्यांकडे वळले, नंतर वीटभट्ट्यांकडे. आज महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांचा समावेश होतो. खैराचा अभ्यास करणाऱ्याने हा भाग परिशिष्टात ढकलू नये, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या झाडात गाभा भरला आहे आणि कोणते अजून कच्चे आहे हे खोडाकडे पाहून सांगणारी नजर पुस्तकातून येत नाही. ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडून ती लिहून घ्यायला आपण फार उशीर केला आहे.

लाकडाच्या बाकी उपयोगांची यादी लांब आहे, थोडक्यात सांगतो. गाभा जड, कठीण, वाळवीला दाद न देणारा. नांगर, मुसळ, गाडीचे आस, हत्यारांचे दांडे, उसाच्या चरकाच्या आणि तेलाच्या घाण्याच्या लाटा त्याच्या होत. त्याचा कोळसा लोहाराला प्रिय, कारण आच तीव्र. रागाने लाल झालेल्या डोळ्यांना मराठीत खदिरांगाराची उपमा देतात ती या निखाऱ्यावरून. यज्ञाच्या यूपासाठी खैर चाले. आपल्या पंचांगी परंपरेत प्रत्येक नक्षत्राला एक आराध्यवृक्ष आहे, त्यात मृगाचा वृक्ष खैर. ज्यांच्या गावी किंवा मंदिराजवळ नक्षत्रवन आहे त्यांना खैराचे नावाची पाटी लावलेले झाड तिथे आयते सापडेल.

औषधात खदिराचे स्थान जुने आहे. चरकाने त्वचारोगांवरच्या द्रव्यांत त्याला अग्रस्थान दिले. खदिरारिष्ट त्वचेसाठी आणि खदिरादि वटी तोंड-घशाच्या तक्रारींसाठी आजही मिळते. तुरटपणा हा त्यातल्या टॅनिनचा गुण. पण यावरून पान-सुपारी-तंबाखूला औषधी म्हणण्याची चूक करू नका. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि कात तिच्या सोबतीला असल्याने तो धोका कमी होत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली ती उगाच नव्हे. बाजारातला सगळा कात खैराचा असतो असेही नाही. आग्नेय आशियातल्या गँबियर नावाच्या वेलीचा अर्क त्याच्या जागी खपतो.

वाचनाची सुरुवात कुठून करावी? थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. शास्त्रीय वर्णन अजून त्याइतके नेटके क्वचितच मिळते. त्याआधीचा १८६१चा ग्रंथ डालझेल आणि गिब्सन यांचा, आणि यांतले गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. वाळवून चिकटवलेले नमुने पाहायचे असतील तर सेंट झेविअर्स महाविद्यालयात १९०६ साली सुरू झालेले ब्लॅटर हर्बेरियम आहे. प्रत्यक्ष झाडांसाठी गोरेगावला, चित्रनगरीजवळ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र उपनगरवासीयांना सोयीचे. आरे आणि उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारली घरांतही झाडांची उत्तम जाण आहे. तिथे वही उघडण्याआधी जरा बसावे, चहा घ्यावा, विचारावे.

आणि आता लावण्याविषयी, कारण झाड स्वतः वाढवल्याखेरीज ते पुरते कळत नाही. शेंगा पौष-माघात वाळतात. तडकून बी सांडण्याआधी त्या काढाव्यात. राष्ट्रीय उद्यानातून बी आणणे गुन्हा आहे. गावाकडच्या खाजगी झाडाचे घ्यावे किंवा वन खात्याच्या रोपवाटिकेत चौकशी करावी. शेंगेतच किडीने पोखरलेले बी पुष्कळ निघते, ते निवडून टाकावे. उरलेले उन्हात वाळवून राखेत ठेवावे आणि त्याच वर्षी वापरावे. बी चपटे आणि हलके, एका किलोत सुमारे ४०,००० भरतात, त्यामुळे हौशी माणसाला मूठभर पुरते. पेरण्यापूर्वी एक दिवस पाण्यात भिजत घालावे.

खैराचे सोटमूळ पहिल्या वर्षीच खोल जाते. मोठे झालेले रोप उपटून दुसरीकडे लावले की ते मूळ दुखावते आणि झाड रुसते. म्हणून शक्य असेल तिथे मृगाचा पाऊस लागला की जागेवरच बी टोकावे, एका ठिकाणी दोन-तीन, आणि पुढे त्यांतले जोमदार एक ठेवावे. पिशवीत रोप करायचे तर पिशवी उंच घ्यावी, बी माघ-फाल्गुनात लावावे आणि पावसाच्या सुरुवातीलाच, मूळ तळाशी गुंडाळण्याआधी, रोप जमिनीत जावे. जागा पूर्ण उन्हाची हवी. सावलीत खैर खुरटतो. मुरूम, जांभा, दगडाळ जमीन चालते, पाणी साचणारी चालत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, त्यामुळे खताचा बडेजाव नको. खरे काम पहिली दोन वर्षे गवत काढण्याचे: पावसाळ्यात दोन-तीनदा खुरपणी झाली नाही तर रोप गवताखाली गुदमरते. शेळ्यांना कोवळा खैर फार आवडतो, काट्यांची त्यांना पर्वा नसते. तेव्हा कुंपण हवे. एकदा तो कमरेएवढा झाला की तुमची गरज संपते. पुढे तोडला तरी बुंध्यातून फुटतो.

सोसायटीच्या आवारात खैर लावावा का, असे विचाराल तर माझे उत्तर जागा पाहून बदलेल. मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा फरशीच्या वाटेलगत नको. काटे खाली पडतात. पण मुलुंड, बोरिवली किंवा घाटकोपरच्या टेकड्यांना खेटून असलेल्या संकुलांच्या मागच्या चढावर, जिथे आज विलायती झुडपे माजली आहेत, तिथे तो शोभेल आणि माती धरून ठेवील. शहरात एकदा लावलेल्या झाडाला १९७५चा नागरी क्षेत्रातला वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. फांदी छाटायची तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, हे समितीच्या सभेत आधीच सांगून ठेवावे.

खैराची खरी लागवड मात्र गावीच व्हायची. उपनगरातल्या कितीतरी घरांची रायगड-रत्नागिरीकडे थोडीफार वरकस जमीन पडून असते. तिथे तीन बाय तीन मीटरवर खैर टोकला तर पहिली काही वर्षे मधल्या पट्ट्यात नाचणी-वरी घेता येते, आणि गाभा भरायला वीस-पंचवीस वर्षे थांबायची तयारी हवी. स्वतःच्या जमिनीतला खैर स्वतःच्या मर्जीने तोडता येत नाही. १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चंदन यांच्याबरोबर खैर आहे आणि परवानगीशिवाय त्याला हात लावणे गुन्हा ठरतो. म्हणून लावल्या वर्षीच झाडांची संख्या पीकपाहणीत घालून सातबाऱ्यावर चढवून घ्या. पुढे जमीन ज्याच्या नावावर असेल त्याला तोडीच्या अर्जाबरोबर तोच उतारा जोडावा लागेल.